प्लेट लाल होते तेव्हा

वडील बोटीवर रेडिओ ऑफिसर होते. निवृत्त झाल्यावर कोरगावच्या घरी त्यांनी व्हॉल्व्हचा ट्रान्समीटर स्वतः बांधला. परवाना काढला. रोज सकाळी ते वास्कोतल्या एका जुन्या सोबत्याशी बोलतात, तोही बोटीवरचाच.

सेट लावायची त्यांची रीत ठरलेली. आधी व्हॉल्व्ह तापू द्यायचे. पहिल्या नॉबने मीटरचा काटा सर्वांत खाली आणायचा, दुसऱ्याने एरियलकडे जाणारी शक्ती वाढवायची, आणि काटा पुरता चढायच्या आत हात काढायचा. शेवटचा हव्यास सोडला तर व्हॉल्व्ह वर्षानुवर्षे टिकतो, असे त्यांनी मला शिकवले होते. व्हॉल्व्हच्या आतली धातूची प्लेट लाल झाली, तर शक्ती एरियलला न जाता तिथेच जळते आहे असे समजायचे.

यंदा सप्ताहासाठी मी घरी गेलो. सकाळी देवळात भजन चालू असताना भोंग्यातून वडिलांचा आवाज आला. "ऐकू येतंय काय रे? थांब, आणखी वाढवतो." सेटची शक्ती फार वाढवली की जवळच्या भोंग्याच्या तारा ती पकडतात, पण असे आजवर कधी झाले नव्हते. मंडपात हशा पिकला.

"काय रे," शेजारी बसलेला म्हणाला, "बुवांचो आवाज बसलो म्हणान तुझ्या बापाशीक उभो केलो काय?"

मीही हसलो, बराच मोठ्याने. मग उठून घरी आलो.

वडील बोलत होते आणि दोन्ही व्हॉल्व्हच्या प्लेटा लाल झाल्या होत्या. बोलायचे बटण सोडून ते मला म्हणाले, "हल्ली त्याचा आवाज बारीक येतो. म्हणजे माझाही तिकडे बारीकच पोचत असणार. वाट एकच ना?"

रेडिओवाल्याचा तर्क म्हणून तो बरोबर होता. मी त्यांचा हेडफोन घेतला. कानाला लावताच दूर धरावा लागला.

"अरे, किती दिवस सांगतोय, कमी कर!" सोबती ओरडत होता. "बहिरा झालास काय रे?"

"काय म्हणतो?" वडिलांनी विचारले.

"कमी करा म्हणतो. तुमचा आवाज फार मोठा पोचतोय." मग म्हणालो, "त्याचाही इकडे मोठाच येतोय, बाबा."

ते हेडफोन धरलेल्या माझ्या हाताकडे पाहत राहिले. मग दुसरा नॉब मागे आणून त्यांनी पुन्हा बटण दाबले. प्लेटा काळ्याच राहिल्या.

"देवळात ऐकू गेलं?" त्यांनी विचारले.

"होय."

"हसले?"

"होय."

कोण कोण, ते त्यांनी विचारले नाही.