डोंगरापलीकडचं धुकं

मी व्हिडिओ गेमसाठी डोंगरदऱ्या बनवते. आजारी पडल्यापासून बाबा दुपारी माझ्या कॉम्प्युटरसमोर बसून त्यांत हिंडतात. आयुष्यभर खरे डोंगर चढलेल्या या माणसाला आता पलंगावरून खुर्चीत यायलाही माझा हात लागतो.

आज त्यांनी अगदी लांबच्या डोंगराकडे बोट दाखवलं. "त्याच्या पलीकडे काय आहे गं?"

"काहीच नाही, बाबा. पलीकडचं आम्ही बनवतच नाही. तिथे धुकं सोडतो, म्हणजे अजून खूप आहे असं वाटतं."

आमच्या गेममधला अफाटपणा एवढाच. वाट लांब वाटावी म्हणून मुद्दाम वळणावळणाची करायची, आणि जमीन संपते तिथे धुकं. इतकी वर्षं या युक्तीची मला गंमत वाटायची. आता वाटत नाही. कुणीतरी आणखी थोडी जमीन द्या हो, एका माणसाला चालता येईल एवढीच.

मग बाबा म्हणाले, "सकाळी डॉक्टरांनी तुला बाहेर बोलावलं होतं. काय म्हणाले?"

"म्हणाले, पुढे बघू."

बाबा पडद्याकडे बघत राहिले.

"धुकं चांगलं जमतं गं तुला," ते म्हणाले.