उजव्या डोळ्याचा फोटो

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. आणि आधीच सांगते — माझा राग अजून गेलेला नाही.

मी रायपूरला एका डोळ्यांच्या दवाखान्यात फोटो काढते. डोळ्याच्या आतल्या पडद्याचे, जिथे रक्ताच्या नसा दिसतात. दुसऱ्या लाटेत मला कोरोना झाला, मग घरातल्या सगळ्यांना. सगळे बरे झाले, पण सासूबाईंचं तोंड काही थांबेना. "हिनंच आणून ठेवला घरात!" भाजीवाल्यापासून पंडरीतल्या मामेसासऱ्यांपर्यंत सगळ्यांना ऐकवून झालं. अहो, भासरे — नवऱ्याचे थोरले भाऊ — सिलतऱ्याच्या कारखान्यात भट्टीवर रोज माणसांच्या गर्दीत जेवत होते, ते नाही दिसलं? बाईनं कामावर जाणं तेवढं खुपलं?

मग आमच्या दवाखान्यात कोरोनातून बरे झालेल्यांच्या डोळ्यांची तपासणी सुरू झाली आणि नवरा भासऱ्यांना घेऊन आला. आमच्यात भासऱ्यांसमोर अजून डोकं झाकतात, वर पाहून बोलत नाहीत. मी ओढणी डोक्यावर घेतली. ज्यांच्या तोंडाकडे बारा वर्षांत नीट पाहिलं नव्हतं, त्यांच्या डोळ्याच्या आत पाहत होते.

डावा बरा होता. उजव्यात नसा फुगून वाकड्यातिकड्या झालेल्या, शेजारी कापसाच्या बोळ्यासारखे पांढरे ठिपके. असं तेव्हा इतरांतही दिसायचं, पुष्कळांचं आपोआप निवळायचं. पण डॉक्टरांनी बजावलं होतं — "असा फोटो त्याच दिवशी मला दाखवायचा."

दाखवला असता तर? घरी काय ऐकावं लागलं असतं ते मला पाठ होतं. "कोरोना आणला, आता त्यापायी डोळाही हिनंच घालवला!"

"काय म्हन्ते रे मशीन?" भासऱ्यांनी नवऱ्याला विचारलं. मला थेट कसं विचारणार?

"सगळं ठीक हाय म्हणा त्यांना," मी नवऱ्याला म्हणाले.

सव्वा महिन्यानं भासरे सकाळी उठले तर त्यांना उजव्या डोळ्यानं दिसेना. नस तुंबून आत रक्त पसरलं होतं. वेळेवर दाखवलं असतं तर वाचला असता का? खात्रीनं कुणी सांगत नाही, आणि मी त्याच्या आड लपणार नाही. ते स्वतः काय सांगत फिरतात माहीत आहे? "भट्टीनं खाल्ला माह्या डोळा. छोट्या बहूनं पाह्यला तवा चांगला होता." घरात माझ्याबद्दल कधी एक वावगा शब्दही न काढलेला हा एकच माणूस. राग सासूबाईंचा, आणि काढला कुणावर मी? लाज वाटते. चीड येते — माझीच.

मोठ्या दवाखान्यात आधीचा फोटो मागितला. नवरा न्यायला आला. मी म्हणाले, मशीनमधून उडाला. त्यानं मानलं.

तो उडाला नव्हता. भासरे खुर्चीतून उठायच्या आत मी तो पुसला होता. त्या दिवशीच्या तपासणीच्या चिठ्ठीवर 'उजवा डोळा ठीक' हे अक्षर माझं आहे, आणि सहीही माझीच.