कडक काकूंची कोरी भिंत

पूर घरात शिरला तेव्हा कडक काकूंनी सगळ्यात आधी वाचवले ते गिऱ्हाइकांचे शर्ट. शर्टांनंतर कोट, कोटांनंतर पडदे, पडद्यांनंतर चादरी. नवऱ्याचा नंबर उशांच्या अभ्र्यांनंतर लागला.

"अहो, शर्टांना पोहता येत नाही, तुम्हाला येतं," स्टुलावर उभ्या राहून पंख्याला हँगर अडकवत काकू म्हणाल्या.

काका घसरून पाण्यात बसले होते आणि त्यांना पोहता येत नव्हतं. पण ते सांगायला तोंड उघडावं तर पाणी आत जाईल, अशी परिस्थिती होती. म्हणून संसारात इतकी वर्षं राहिले तसे ते तेव्हाही गप्प राहिले.

काकू लग्न होऊन या घरात आल्या तेव्हा घरात इस्त्री नव्हती, कारण इस्त्री करण्यासारखे कपडेच नव्हते. पुढे काका ज्या छापखान्यात कामाला होते तो बंद पडला. काका खिडकीत बसून रस्त्याकडे बघू लागले. काकूंनी आठवडाभर त्यांना बसू दिलं, मग त्यांना उठवलं, खिडकीपाशी टेबल लावलं, त्यावर घोंगडी पसरली आणि लाँड्री सुरू केली. पहिलं गिऱ्हाईक एक बस कंडक्टर. त्याच्या शर्टाला काकूंनी असा काही स्टार्च घातला की कंडक्टर दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाला, "काकू, मी शर्ट घातलाय की शर्टानं मला घातलंय?" तेव्हापासून त्या कडक काकू. स्टार्चमुळे की बोलण्यामुळे, यावर गल्लीत दोन मतं होती. काकूंसमोर मात्र एकच होतं. काकांकडे कपड्यांच्या घड्या घालायचं काम आलं आणि त्यांचं नाव पडलं घडीवाले काका. बायकोपुढे ते स्वतःही नीट चौपदरी घडी होऊन बसत.

तर पूर आला, घराघरात कमरेपर्यंत राहिला, आणि गेला. जाताना गाळ ठेवून गेला. दाट, चिकट, काळपट, आणि वास असा की माशाही विचार करून बसत.

दुसऱ्या दिवशी भोंगा लावलेली गाडी गल्लीतून फिरली. "नुकसान झालेल्या वस्तू पंचनामा होईपर्यंत हलवू नयेत!" एवढंच ती म्हणाली. भोंगा जुना, त्यात गाडी खड्ड्यात आपटत चाललेली. गल्लीला जे ऐकू आलं ते असं, की चिखलाला हात लावाल तर मदत विसरा.

आता सरकारी मदतीवर गल्लीचा तसूभरही विश्वास नव्हता. मागच्या पुराची ताडपत्री या पुराच्या आदल्या महिन्यात मिळाली होती आणि याच पुरात वाहून गेली होती. त्यामुळे काही मिळणार नाही याबद्दल सगळ्यांची खात्री होती. पण समजा चुकून मिळालंच, आणि ते शेजाऱ्याला मिळून आपल्याला मिळालं नाही, तर? या एका विचारानं माणसं चिखलात पाय रोवून उभी राहिली.

गल्लीनं चिखल असा जपला, जसा कुणी बगीचा जपतो. काकूंच्या डावीकडे राहणारे निवृत्त मास्तर तर रोज सकाळी झारीनं चिखलावर पाणी शिंपडत. "सुकला की जुना दिसतो," ते समजावून सांगत. "उद्या म्हणतील हा मागच्या वर्षीचा आहे." मास्तरीणबाई कोपऱ्यातल्या पाटावर पाय वर घेऊन बसत आणि नवऱ्याकडे अशा बघत की झारीतलं पाणी उकळावं. चिखलात कुणाचा पाय पडला की मास्तर ओरडत, "अरे, ठसा उमटला ना! आता हा पुराचा ठसा की तुझा?"

भिंतींवरच्या पुराच्या रेषेचंही तसंच. पूर गल्लीतून ओसरला, पण भिंतींवर चढतच राहिला. सोमवारी ती रेषा कमरेला होती, बुधवारी छातीला आली. उजवीकडच्या सलूनवाल्यानं दाढीच्या ब्रशनं ती आरशाच्याही वर नेली. त्याच्या हिशेबानं पाणी छताला टेकलं होतं. छताच्या पंख्यावरची धूळ मात्र कोरडी ठणठणीत होती. ती काही त्याला आठवली नाही.

काकूंच्या घरीही चिखल होता. काका दारात खुर्ची टाकून त्याची राखण करत. इस्त्रीचं टेबल फुगून पावासारखं झालं होतं, कपडे धुवायच्या मशीनची मोटर जळली होती. "मदत मिळाली की मशीन येईल," काका दर तासाला म्हणत. काकू काही बोलत नसत. काकू बोलत नाहीत म्हणजे काय, हे काकांना इतक्या वर्षांत कळायला हवं होतं.

तेवढ्यात दवाखान्यातून मुलाचा फोन आला. सुनेला मुलगी झाली होती, पूर चढत असतानाच. आता दवाखान्याला ती खाट दुसऱ्या पेशंटसाठी हवी होती. "डॉक्टर म्हणतात उद्या घरी न्या. पण खोली कोरडी आणि स्वच्छ पाहिजे म्हणतात. आई, आहे का गं?"

"आहे," काकू म्हणाल्या आणि पदर खोचला.

"अगं, पंचनामा!" काका खुर्चीवरून उठले.

"कुणाचा? बाळाचा?"

"अगं, थांब दोन दिवस. साहेब येतील, बघतील, लिहून नेतील. मग धू की!"

"म्हणजे माझी नात जगात येऊन पहिला वास घेणार तो गटाराचा, का, तर साहेबांना बघायचंय म्हणून? सरका तिकडं."

"मशीन जाईल, अगं. हातानं धुणार आहेस का एवढ्या चादरी, या वयात?"

"मशीन येण्याआधी कशानं धूत होते? तुमच्या जिभेनं?"

काकूंनी दिवसभर घर धुतलं. फावड्यानं, मग खराट्यानं, मग कपडे घासायच्या ब्रशनं. भिंतीवरची पुराची रेषा त्यांनी अशी घासली जशी कॉलरवरची मळाची रेघ घासतात, साबण लावून, मुरवून, पुन्हा घासून. काका आधी चिडून बघत बसले, मग रुसून बघत बसले, आणि शेवटी बादली उचलून पाणी द्यायला लागले, कारण नुसतं बघत बसून त्यांचीच पाठ दुखायला लागली होती. मास्तर खिडकीतून हळहळले. "काकू, उभ्या नुकसानीचं वाटोळं केलंत तुम्ही!"

दुसऱ्या दिवशी बाळ आलं, आतल्या कोरड्या खोलीत झोपलं, आणि त्याच दुपारी पंचनाम्याचे साहेबही आले.

साहेब तरुण होते, दमलेले होते, आणि गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेले होते. सकाळपासून ते घरोघरी चिखल तुडवत होते. सोबत मोजपट्टी घेतलेला कारकून. मास्तरांकडे त्यांनी छातीपर्यंत मोजलं, सलूनवाल्याकडे छतापर्यंत मोजलं आणि दोन्ही मुकाट्यानं लिहून घेतलं. मग ते काकूंच्या उंबऱ्यात आले. आत पाहिलं, मागे वळून गल्ली पाहिली, पुन्हा आत पाहिलं. चुकून दुसऱ्याच गावात आल्यासारखे ते दिसत होते.

"डाग कुठाय?" कारकुनानं विचारलं.

"कसला?"

"पुराचा. भिंतीवरचा."

"काढला."

"काढला?"

"लाँड्री आहे माझी. लोक डाग काढायलाच येतात इथं. दाखवा म्हणून आलेले तुम्ही पहिलेच."

कारकुनानं मोजपट्टी भिंतीला लावली, खालपासून वरपर्यंत नेली, कुठं थांबावं हे कळेना तेव्हा गुंडाळून घेतली. "बाई, डाग नाही तर डागडुजी नाही. नियम आहे. बाधित नाही असं लिहावं लागेल."

"बाधित नाही म्हणजे?"

"म्हणजे या घरात पूर आला नाही," साहेब म्हणाले.

काकूंनी कमरेवर हात ठेवले. काकांनी हे पाहिलं आणि ते सवयीनं एक पाऊल मागे सरले.

"साहेब, डावीकडं पाणी छातीपर्यंत. उजवीकडं छतापर्यंत. तुम्हीच लिहिलंत आत्ता. मग मध्ये माझ्या दारात येऊन पाणी काय म्हणालं? काकू रागावतील, आपण वळसा घालून जाऊ?"

बाहेर जमलेली गल्ली फिसकन हसली. साहेबांनाही हसू आलं, ते त्यांनी खोकून घालवलं. "मला पटतंय हो. पण मी काय लिहू? दिसेल तेच लिहिता येतं."

"लिहा की. पूर आला होता, बाईनं धुतला."

"असं लिहायला जागा नसते."

कारकून मनानं वाईट नव्हता. तो काकांच्या कानाशी लागला, पण त्याचं कुजबुजणं मोजपट्टीसारखंच लांबलचक होतं, सगळ्यांना ऐकू गेलं. "आम्ही पुढची दोन घरं करून येतो. तोवर जरासा लावून घ्या. गुडघ्याएवढा पुरे. फार नको."

एवढं ऐकायचा अवकाश, गल्लीचं काळीज विरघळलं. ज्यांनी एरवी वाटीभर साखर दिली नसती त्यांनी बादल्या उचलल्या. "माझा घ्या काकू, रोज शिंपलेला आहे, एकदम ताजा!" मास्तर धावत आले. सलूनवाला ब्रशासकट हजर झाला. "काकू, रेष मी मारतो. हात बसलाय माझा." काकांनी मास्तरांच्या हातातली बादली घेतलीसुद्धा.

"ठेवा ती खाली," काकू म्हणाल्या.

"अगं, एका भिंतीवर. फक्त एका. मशीन येईल, तुझे हात वाचतील." काकांनी बादली उचलून धरली. "खोटं कुठं आहे त्यात? पूर आला तर होताच ना?"

काकूंचे हात साबणानं सोलवटलेले होते आणि काका त्या हातांकडेच बघत होते. आतून बाळाच्या कुरकुरण्याचा आवाज आला, मग सुनेचं थोपटणं.

"आला होता," काकू म्हणाल्या. "न बोलावता आला होता. त्याला मी बाहेर काढलं. आता बादलीत घालून, मानानं, परत घरात आणू? यांना दिसावा म्हणून? मिळालं मशीन तर माझं घर धुतलेलं असताना मिळेल. नाहीतर नाही मिळणार. न मिळण्याची सवय आहे आपल्याला."

काकांनी बादली खाली ठेवली. मास्तरांनी ती पटकन उचलून घेतली. चिखल वाया जायला नको.

साहेबांनी मान खाली घालून लिहिलं. लिहून झालं तरी ते हलेनात. मग जरा घुटमळत म्हणाले, "बाई, एक विचारू? चार वाजता मंत्री यायचेत. ही पॅन्ट... अशी कशी जाऊ? नुसती पुसून, इस्त्री फिरवून मिळेल का? पैसे देतो."

काकूंनी पॅन्टकडे धंद्याच्या नजरेनं पाहिलं. पांढरट कापड, काळा गाळ. सोपं काम होतं.

"हा डाग कुठला, साहेब?"

"इथलाच. तुमच्या गल्लीतला."

"म्हणजे पुराचा."

"हो, पुराचाच."

"मग कसा काढू? मी तो काढला की तुम्ही गल्लीत आलाच नाहीत असं होईल. मंत्री म्हणतील, डाग दाखवा."

कारकून छताकडे बघू लागला. काकूंनी मात्र साहेबांना पाणी दिलं, बसायला स्टूल दिलं, कारण पोरगा खरंच दमला होता. पॅन्टला तेवढा हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी पेपरात पहिल्याच पानावर फोटो. मंत्री स्वच्छ, शेजारी साहेब, गुडघ्यापर्यंत चिखल. वर मोठ्या अक्षरात छापलेलं की असा चिखलात उतरून काम करणारा अधिकारी विरळा, मंत्र्यांनी पाठ थोपटली. खाली बारीक अक्षरात होतं, की पाहणी अपुरी झाल्यानं ती नव्यानं होणार असून तोपर्यंत नागरिकांनी सहकार्य करावं.

मास्तरांनी हे मोठ्यानं वाचून दाखवलं आणि सवयीनं झारी उचलली. पाटावर पाय वर घेऊन बसलेल्या मास्तरीणबाई तशाच चिखलात उतरल्या.

"त्या साहेबाच्या पॅन्टवर एक दिवस चिखल राहिला तर त्याचा फोटो आला. माझ्या घरात आठवडाभर आहे, माझा कुठाय फोटो?" असं म्हणून त्यांनी नवऱ्याच्या हातातली झारी काढून घेतली, भिंतीपाशी गेल्या आणि छातीपर्यंत चढलेल्या रेषेवर ओतली. रेष रंगाची निघाली. सरसर खाली आली.

"अगं, पुरावा!" मास्तर कळवळले.

"पुरावा मी आहे. माझ्या पायाला बघा काय झालंय. या साहेबाला म्हणावं, ते लिही."

मास्तर काकूंकडे फावडं मागायला आले तेव्हा काकू दारातल्या पाटीपाशी उभ्या होत्या. लाँड्रीची काळी पाटी, 'कपडे उद्या मिळतील' असं लिहायची. काकूंनी ती पुसली आणि खडूनं लिहिलं: 'इथे पूर आला होता. धुतला आहे.' लिहून दोन पावलं मागे जाऊन बघितलं. ज्या वाक्यांना कुठल्याच कागदावर जागा नव्हती ती पाटीवर ऐसपैस मावली होती. काकांनी पेपरातला फोटो खाली चिकटवू का म्हणून विचारलं. काकू म्हणाल्या, "नको. स्वच्छ राहू दे."

संध्याकाळपर्यंत चार घरांतून फावड्यांचे आवाज येऊ लागले. काकू हौदापाशी बसून चादरी आपटत होत्या, काका पिळून देत होते, आणि मध्येच हळूच त्यांच्या हातांना खोबरेल लावायचा प्रयत्न करून ओरडा खात होते.

सलूनवाला जरा वेळ दारात रेंगाळला. त्याच्याकडे अजून छतापर्यंत पूर होता.

"काकू, पाटी झकास आहे. मीपण लावू का माझ्या दुकानावर? हेच लिहितो, खडू द्या फक्त."

काकूंनी हातातला कपडे घासायचा ब्रश त्याच्या हातात ठेवला.

"आधी धू, मग लिही."