पडद्याकडे पाठ करून बसणारे सर

प्रा. वामनराव टाकळकर सरांची आणि माझी पहिली भेट परभणीत, आमच्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये झाली. मी गणित शिकवायला नुकताच रुजू झालो होतो. सरांनी चहा मागवला, स्वतःच्या हातानं माझ्यापुढे सरकवला आणि त्या बदल्यात काहीच मागितलं नाही. मला तेव्हाच संशय आला. आमच्याकडे चहा पाजणारे पुष्कळ आहेत. पाजून गप्प बसणारे मी पाहिले नव्हते.

पुढे गावी, ताडकळसला, माझी आई आजारी पडली. मी कोणाला बोललो नव्हतो, तरी दुपारी सर डबा घेऊन समोर उभे. "खाऊन घ्या अन् गाडी पकडा. तुमचे तास मी घेतो." वनस्पतिशास्त्राचा माणूस गणिताचे तास काय घेणार, ते सोडा, पण यांना कळलं कसं? डबा मी खाल्ला, उपकारही मानले. संशय मात्र तसाच ठेवला.

सरांचं मोठं कार्य म्हणजे त्यांचं चित्रपट मंडळ. पंचाहत्तरीतही ते रविवारी दुपारी हॉलच्या खिडक्यांना स्वतः पुठ्ठे लावून देशोदेशीचे सिनेमे दाखवतात. त्यांतला एक जपानी सिनेमा त्यांना सोडवत नाही. त्यात बायको सोडून जाईल या धास्तीनं एक माणूस घराच्या कागदी दारांवर रोज नवा कागद चिकटवत जातो. खळीच्या ब्रशचा आवाज तेवढा येत राहतो. शेवटी घरात उजेड येणंच बंद होतं, आणि तो दोन ताटं वाढून, समोरच्या रिकाम्या जागेला भाताचा आग्रह करत बसतो. ती केव्हाच गेलेली असते.

माझी एकुलती एक मुलगी स्वाती हा सिनेमा बघून आली आणि पुण्याला सिनेमाचं संकलन शिकायला जाते म्हणाली. प्रवेशही मिळवला. मी नाही म्हणालो. तिचं मंडळात जाणं बंद केलं, तिच्या स्कूटीची चावी खिशात घातली. हे खूळ सरांनीच भरवलं, याची मला खात्री होती. पुरावा हवा म्हणून मी सरांना तोच सिनेमा पुन्हा लावायला सांगितला. ते लगेच तयार झाले. याचाही मला संशय आला.

हॉलमध्ये पाहतो तर सर पडद्याकडे पाठ करून बसलेले. सगळा वेळ ते आमचे चेहरे बघत होते. लोक गेल्यावर मी विचारलंच, "सर, पडदा सोडून तुमी आमच्याकडं काय बघायलाव?"

"कोण घाबरलं ते," सर पुठ्ठे काढता काढता म्हणाले. "असलं बघून माणसानं एकट्यानं जाऊ न्हाई. घरापर्यंत सोडावं लागतं."

"स्वाती घाबरली होती?"

"न्हाई. ती म्हणली, त्या माणसाचं दार उघडायला कुणी गेलं कसं न्हाई?" सरांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "आज तुमी मात्र लय घाबरलाव. चला, सोडतो."

भर उन्हात सर मला घरापर्यंत सोडायला आले. पुण्याचं नावही काढलं नाही. माझा हात खिशातल्या चावीवर होता. डब्याचं कोडं मला त्या वाटेवर सुटलं. स्टाफरूममध्येही हा माणूस आमचे चेहरेच बघत असणार. दारात स्वाती उभी होती. मी चावी तिच्या हातावर ठेवली आणि जा म्हणालो. सर ओट्यावर टेकले आणि म्हणाले, "आता चहा पाजा." इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट.

स्वाती आता पुण्यात असते. परवा जेवायला बसताना आमच्या हिनं सवयीनं तिसरं ताट घेतलं. मला सिनेमातलं ते रिकाम्या जागेपुढचं ताट आठवलं. ताट तिनं मांडणीवर परत ठेवलं, पण मी अर्ध्या जेवणावरून उठलो. दुसऱ्या दिवशी सरांकडे गेलो. मी तोंड उघडायच्या आत सर चप्पल पायात घालत म्हणाले, "चला, सोडतो."

सरांनी ठणठणीत राहावं, पायी हिंडतफिरत शंभरी गाठावी, अशी माझी मनापासून प्रार्थना आहे. तीत माझा स्वार्थ आहे. सरांनी तो माझ्या चेहऱ्यावरून ओळखला असेलच.