लेकीच्या घरचा नळ

नवीन घर घेतलं की आपण मालक झालो असं वाटतं. मलाही वाटलं होतं. दोनच महिन्यांत न्हाणीघराच्या भिंतीवर ओल उमटली आणि माझी मालकी तिथेच संपली. तेव्हा शेजारणीने एक नंबर दिला. म्हणाली, "टकटक मिस्त्री. तोंडाचा फटकळ आहे, पण काम चोख."

हा गृहस्थ आला तो नमस्कार-चमत्कार न करता खिशातला पाना काढून त्याच्या दांड्याने फरश्यांवर टकटक करत सुटला. आख्खी खोली ठोकून झाल्यावर मान वर करून म्हणाला, "तीन पोकळ आहेत." त्याला विचारलं होतं कोणी?

तेव्हापासून दर तीन महिन्यांनी ते येतात. बिघडल्यावर धावाधाव करण्यापेक्षा बिघडूच द्यायचं नाही, असा त्यांचा खाक्या. मेन कॉक महिन्यातून एकदा बंद करून पुन्हा उघडायचा, नाहीतर ऐन वेळी तो जागचा हलत नाही. गच्चीच्या जाळीतला पाला पाऊस यायच्या आधी काढायचा. बेसिनच्या कडेची फट बोटाने चाचपायची. आणि हे सगळं माझ्या हातून करून घ्यायचं. मी शाळेत बावीस वर्षं गणित शिकवलं, पण माझ्याइतकी ढ विद्यार्थिनी त्यांना भेटली नसेल.

एकदा मी कॉक उलटा फिरवला. ते चिडून म्हणाले, "बाई, माझ्या लेकीने आठव्या वर्षी नळाचा वॉशर बदलला होता!" आणि मला बाजूला सारून स्वतःच कॉक फिरवायला लागले. पुढचं मी हळूहळू काढून घेतलं.

बायको गेल्यावर घरात ही दोघंच. लेक शिकली, नोकरीला लागली, लग्न झालं आणि दीड वर्षापूर्वी तिने घर घेतलं. मोठ्या हौसेने बाबांना बोलावलं. सासू-सासरेही आलेले. यांनी चहा घ्यायच्या आधीच पाना काढला. स्वयंपाकघर, बाल्कनी, न्हाणीघर, सगळीकडे टकटक. मग बाहेर येऊन सगळ्यांच्या देखत सतरा दोष बोटांवर मोजून दाखवले. जावयाचं तोंड एवढंसं झालं. लेक म्हणाली, "बाबा, मी तुम्हाला घर बघायला बोलावलं होतं. तपासायला नाही."

त्यानंतर खुशालीचे फोन येतात, पण 'या' म्हणून कोणी म्हणत नाही. न बोलावता जायचं नाही, हा यांचा ताठा.

"तिच्या खिडकीतून काय दिसतं, तेही मला माहीत नाही," ते एकदा म्हणाले. "चौकट तेवढी पाठ आहे. डावीकडे फट आहे."

मला हसू फुटलं, आणि मग लक्षात आलं. लेकीच्या घरी पाहुण्यासारखं नुसतं बसून यावं, एवढीच या माणसाची इच्छा होती. पण ती बोलून दाखवायला जीभ रेटत नव्हती.

गेल्या आठवड्यात ते माझ्या सिंकखाली पाइप उघडून आडवे झाले होते. कट्ट्यावरचा त्यांचा फोन वाजला. हात ओले, म्हणून मी स्पीकर लावून त्यांच्या कानाशी धरला.

"बाबा, स्वयंपाकघरातला नळ गळतोय. काय करू काही कळत नाही."

त्यांचा चेहरा असा उजळला! आणि तोंडातून काय आलं? "आधी मेन कॉक बंद कर. वॉशर झिजला असेल. जुना काढून दुकानात घेऊन जा, तसलाच आण. दहा मिनिटांचं काम."

"दहा मिनिटांचं?" तिने विचारलं. मग "बरं" म्हणून तिने फोन ठेवला.

"झालं काम," मिस्त्री समाधानाने म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. "काय झालं काम? आठव्या वर्षी वॉशर बदलणारी पोर आज तुम्हाला वॉशरचं विचारते? अहो, ती तुम्हाला बोलवत होती!"

ते सिंकखालून बाहेर आले. फरशीवरच बसून हात पुसले. "मी परत तेच केलं का हो, बाई?"

"लावा फोन."

त्यांनी कोरडे झालेले हात पुन्हा पुन्हा पुसले. स्पीकरवरच फोन लावला. "अगं, मघाशी सांगितलं ते... चुकलं माझं." उभ्या जन्मात स्वतःच्या कामाबद्दल हा शब्द त्यांनी उच्चारला नसेल. "फोनवरून नाही कळत. यावं लागेल. म्हणजे, तू ये म्हणालीस तर."

"दोन महिने गळतोय तो, बाबा," ती म्हणाली. "मी तसाच ठेवलाय. या ना."

मिस्त्री उठले, शर्ट झटकला आणि दाराकडे निघाले. माझा पाइप उघडाच, खाली बादली. पाना कट्ट्यावर राहिला होता. मी मागून हाक मारली, "मिस्त्री, पाना! नळाचं काय करणार?"

"नळ ती करेल. येतं तिला," चपला घालता घालता ते म्हणाले. "मी घर बघायला चाललोय."