तरीचा कोपरा

पुलाच्या तोंडाशी असलेल्या मिसळीच्या हॉटेलवर काल नवी पाटी लागली, ‘तर्रीचा कोपरा’. जुन्या पाटीवर ‘तरीचा कोपरा’ होतं.

“का हो बदललंत?” मी मालकांना विचारलं.

“ताई, आपली तर्री फेमस, म्हणून तर कोपऱ्याला हे नाव पडलं. आधीच्या पेंटरनं चुकीचं लिहिलं होतं.”

पेंटर चुकला नव्हता. नदीपार नेणाऱ्या नावेला आमच्याकडे ‘तर’ म्हणत. राणीच्या राज्यात पलीकडे साहेबांचे बंगले उठले, तेव्हा त्यांच्या मडमा, पेटारे, खानसामे, सगळं या तरीतूनच गेलं. माझे खापरपणजोबा ती वल्हवत. मग पावसाळ्यात अडकून पडणं साहेबांना नको झालं आणि दगडी पूल आला. पुलावर गव्हर्नराचं नाव कोरलेलं आहे. पुलानं ज्यांच्या चुली विझवल्या, त्यांचा एवढा एक शब्दच मागे राहिला होता. तोही कुणी मुद्दाम जपला नव्हता. बसमध्ये “तरीवर उतरतो” म्हणणाऱ्यांच्या तोंडी आपला आपण तगला होता.

मी हे सगळं मालकांना सांगितलं. त्यांनी मन लावून ऐकलं, “अरे वा!” म्हणाले. चिडायचं तरी कुणावर? माणसं पुसून टाकायला दुष्टावा लागतोच असं नाही. शुद्धलेखनाची हौसही पुरते.

“ताई, अजून तर्री घालू?”

“नको,” म्हटलं. मला पलीकडे कामावर जायचं होतं. गेले, त्याच पुलावरून.