आधी दुसऱ्यांची घरं काढा

कामाच्या गोष्टी विसरायला होतात, पण कचेरीतले किस्से रिकाम्या डब्यांसारखे साठत जातात. टाकवत कुणालाच नाहीत!

आमच्या जालन्याच्या कचेरीतले वरिष्ठ, पेशकारसाहेब, पेन्शनीत निघाले होते. घर विकलेलं, बायकोला घेऊन हैदराबादला मुलाकडे जायचं ठरलेलं. त्याच दिवसांत त्यांनी मला रद्दी कागदावर कचेरीची कमान काढताना पकडलं. शाळेबरोबर सुटलेली चित्रकला, चाळिशीत हात पुन्हा का शिवशिवला कोण जाणे! मला वाटलं, आता मेमो.

ते म्हणाले, "आमचं घर काढून द्या. घरातल्यांना चित्र संगं न्यायचंय." घरातल्यांना म्हणजे बेगमसाहेबांना.

मग कागदाकडे पुन्हा पाहून म्हणाले, "पण आमच्या घरावर शिकू नका! आधी दुसऱ्यांची घरं काढा."

*

शेजारच्या टेबलावरचे दिगंबरराव म्हणाले, "कमान वाकडी काढली की हो!"

वाद पेटला. सगळी कचेरी उठून बाहेर गेली. पाहतो तर काय, कमानच वाकडी! जन्मभर तिच्याखालून गेलो, कुणी मान वर केली नव्हती. त्या दिवसापासून दिगंबरराव, कमान अंगावर पडेल म्हणून, तिच्याखालून पळतच आत यायचे. कचेरीत वेळेवर येऊ लागले!

*

हैदराबाद संस्थानातली शुक्रवारची सुट्टी साधून कुंभार पिंपळगावला गेलो आणि एका दुमजली घरासमोर बसलो. कचेरीचा माणूस घर कागदावर उतरवतोय म्हणताच गावभर झालं, सरकार कर बसवायला घरं मोजतंय! मालक दुधाचा पेला घेऊन धावत आले.

"साहेब, जरा लहान काढा की. वरचा मजला तर आम्ही वापरीतच न्हाई!"

शेजारी ओट्यावरून ओरडला, "बिलकुल न्हाई! हाय तेवढंच काढा!"

दूध मात्र फार छान होतं.

*

राजूरला गणपतीचं देऊळ काढलं. पायऱ्या रिकाम्या वाटल्या म्हणून समोरच्या चपलाही काढल्या. तेवढ्यात एकजण अनवाणी बाहेर आला, चप्पल गेल्ती! इकडंतिकडं शोधून तो माझ्या कागदावर वाकला.

"ही काय माझी! अंगठा तुटलेला बराबर दिसून राह्यला."

चित्र घेऊन तो देवळाभोवती फिरला आणि चप्पल पायात घालूनच परतला. माझ्या चित्राला मिळालेली ही पहिली दाद! त्या दिवशी वाटलं, आता पेशकारसाहेबांचं घर काढायला हरकत नाही.

*

घर रस्त्यालगत. समोरच्या लिंबाखाली बसून शुक्रवारमागून शुक्रवार काढत राहिलो. निघायची तारीख जवळ येत होती आणि माझी धाकधूक वाढत होती. त्या दोघांचा सारा संसार त्या भिंतींआड झाला होता. घर ओळखू आलं नाही तर काय तोंड दाखवणार?

सामान गाडीत चढत असताना चित्र दिलं. पेशकारसाहेबांनी ते घराशी ताडून पाहिलं. मग ते आत नेलं. बेगमसाहेब पडद्यातल्या, बाहेर निघायच्या त्या पडदा लावलेल्या गाडीतूनच. आपलं घर समोरून असं निवांत त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

साहेब बाहेर आले. "त्या विचारून राह्यल्या, त्यांची खिडकी कोणती?"

मी चित्रातल्या माडीवरच्या जाळीच्या खिडकीवर बोट ठेवलं. ते आत गेले आणि लगेच परतले.

"त्या म्हणतात, इत्ती छोटी?"

माझा चेहरा पडला. म्हटलं, "जरा मोठी करून देऊ का? आत्ता होईल."

पुन्हा आत. या वेळी आतून हसू ऐकू आलं. साहेब चित्र छातीशी धरूनच बाहेर आले.

"न्हाई म्हणतात. हाय तश्शीच राहू द्या. हैदराबादच्या सुनेला दाखवायची हाय, म्हणतात, इत्त्या छोट्या खिडकीतून मी पूरा जालना बघितला!"